आधी कोण हसलं

हाजरा, कोलकाता
१७ जानेवारी २०२४

दादा,

तिळगुळाचा डबा पोचला. निम्मे लाडू फुटून आले, पण चव चांगली आहे, वहिनीला सांग. संक्रांतीचं गोड बोलायचं ते एवढंच.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण या घरात फोनवर काहीही बोललं तरी नानांना ऐकू जातं. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणसाचे गुडघे जातात आणि कान तेवढे नेमके शाबूत राहतात. आणि मला लिहायचं आहे ते त्यांच्याचबद्दल.

डिसेंबरात नाना न्हाणीघरात घसरले तेव्हा तू नागपूरहून विमानाने आलास, सहा दिवस राहिलास, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास आणि जाताना त्यांच्या हातात तो टॅब ठेवून गेलास. त्यात काय भरून ठेवलंस ते तू गेल्यावर दिसलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या विनोदी फिती. त्रेपन्न!

काल पोळ्या लाटता लाटता मी एक पूर्ण पाहिली. एका माणसाचा पाय बादलीत अडकतो. निघत नाही. झालं, गोष्ट संपली. पण फीत चालते बारा मिनिटं. तो बादलीसकट जिना उतरतो, बादलीसकट लग्नाला जातो, नवरीच्या बापाला लाथ बसते, बाप केकवर, केक पाद्र्यावर, पाद्री तळ्यात. मागे कोणीतरी पियानो बडवत असतो, जणू त्यालाही मागून लाथा बसताहेत. पहिल्या तीन मिनिटांत अकरा आपट्या, मी मोजल्या. हे आवडायला अक्कल चार वर्षांच्या पोराची लागते.

आणि हे बघतंय कोण? बजबजच्या जूट मिलमध्ये एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर असलेला माणूस. ज्याने आपल्याला कठडा धरल्याशिवाय जिन्यावर पाय टाकू दिला नाही. मंडळाच्या गणपतीत विनोदी नाटक असलं की जो पहिल्या रांगेत शोकसभेला आल्यासारखा बसायचा.

डॉक्टर सांगतात, हाड शाबूत आहे, चालायला लागा. सुमित म्हणून एक फिजिओथेरपिस्ट बजबजहून लोकल आणि मेट्रो बदलून रोज येतो, हात पुढे करून उभा राहतो. नाना खुर्चीतून उठत नाहीत. "आज नको," म्हणतात आणि पुढची फीत लावतात.

त्या फिती टॅबमधून कशा काढायच्या ते लिही. शाळेतल्या मुलींना विचारायची मला लाज वाटते.

शकुन


नागपूर
२८ जानेवारी २०२४

प्रिय शकू,

फिती काढायच्या नाहीत. म्हणून कशा काढायच्या ते लिहीत नाही.

तुझा राग मला समजतो. डिसेंबरात तू मला त्या नाटकाला घेऊन गेली होतीस, आठवतं? अडीच तास एक माणूस अंधारात खुर्चीवर बसून आपल्या आईबद्दल बोलत होता. कोणी पडलं नाही, कोणी उठलं नाही. माझ्या शेजारचे माकडटोपीवाले गृहस्थ मात्र झोपेत माझ्या खांद्यावर पडले. संपल्यावर तुम्ही सगळे पाच मिनिटं उभे राहून टाळ्या वाजवत होता आणि चेहरे असे की सगळ्यांच्या एकाच वेळी दाढा दुखताहेत. ते तुमचं उच्च. माझं ते हलकं. बरं.

पण तू गणिताची बाई आहेस म्हणून सांगतो. त्या फितींत पडतात ते लोक खरोखर पडत होते. खाली गादी नसायची, हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस नसायचा. चुन्याची बादली डोक्यावर येण्याआधी अर्ध्या हातावर मान वळवायची, ती पाव क्षण उशिरा वळली तर दवाखाना. हे सगळं मोजलेलं असतं. दहा मिनिटांत कोण कोणाला का मारतंय ते तुला एक शब्द न ऐकता कळतं. शाळेत तुझं गणित एवढं स्वच्छ कोणाला कळतं का, विचार एकदा. आणि शिष्ट, ढेरपोट्या, काठी आपटत चालणारा माणूस तोंडघशी पडला की जो आनंद होतो, तो चार वर्षांच्या पोराला होतो आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही. मधल्या वयाच्यांना काय होतं कोण जाणे. ते मोजत बसतात.

खरं सांगू? नानांना जन्मात पहिल्यांदा हसू फुटलंय, आणि ते तुझ्या पुस्तकांनी फुटलेलं नाही, याचा तुला राग आहे. आयुष्यभर हा माणूस हसला नाही. आता हसू दे की.

तुला त्यांचं जड होत असेल तर तसं सरळ लिही. मी त्यांना नागपूरला घेऊन येईन.

सारंग


हाजरा, कोलकाता
१२ फेब्रुवारी २०२४

दादा,

नागपूरला घेऊन जाणार? कधी? एकोणीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. दर वेळी तुझ्या घरात कोणाची तरी परीक्षा असते किंवा भिंतींना रंग चाललेला असतो. असो.

आणि कोणी सांगितलं तुला की ते हसतात? मी तसं लिहिलंच नव्हतं. माझं पत्र काढ, बघ. तुला हवं ते वाचायची तुझी जुनी सवय आहे.

नाना हसत नाहीत. एकदाही हसलेले नाहीत. कपाळाला आठ्या घालून बघतात. कोणी पडलं की थांबवतात, मागे घेतात, पुन्हा बघतात. मी समजत होते की बटण कळत नाही. परवा त्यांची उशी बदलताना खाली वही सापडली. मी उघडली. उघडायला नको होती, पण उघडली.

त्यांनी रकाने आखले आहेत. क्रमांक, जागा, पडण्याचं कारण, इजा, शेरा. अपघाताची नोंद मिलमध्ये करायचे तशी. 'क्र. ३१. हॉटेलचं स्वयंपाकघर. कारण : सांडलेलं सूप. इजा : नाही. शेरा : उठला.' 'क्र. ३२. रस्ता. कारण : फळी घेऊन वळताना मागे न बघणे. पडलेले : चार. शेरा : चारही उठले.' बादलीवाल्यालाही तीन ओळी दिल्या आहेत. दोनशे चौदा नोंदी, दादा! शाईच्या पेनाने, त्या सुरेख अक्षरात. तुझ्या त्या थोर कलेचा रसिक हा असा. मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

एक विचारायचं आहे. शेवटच्या पानावर एकच नोंद आहे, ती फितीतली नाही. 'निमाई मंडल. बॅचिंग खातं. ६ ऑगस्ट १९७९.' पुढचे रकाने कोरे. हा कोण? मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला काही आठवत नाही. तुला आठवतं का?

शकुन


नागपूर
२० फेब्रुवारी २०२४

शकू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. हिला सांगितलं पित्त झालंय.

मला आठवतं. मी तिथे होतो.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून नाना मला मिल दाखवायला घेऊन गेले होते. मी चौदाचा. बॅचिंग खात्यात ताग मऊ करायला तेल-पाण्याचा फवारा मारतात. सगळीकडे तो आंबूस वास, आणि पायाखाली चिकट. नाना मला यंत्र समजावत होते. समोरून एक माणूस डोक्यावर तागाचा गठ्ठा घेऊन येत होता. साहेब दिसले म्हणून त्याने एक हात सोडून सलाम केला, आणि त्या सलामातच त्याचे दोन्ही पाय हवेत गेले. गठ्ठा उडाला तो मागच्या मुकादमाच्या डोक्यावर, मुकादम मटकन खाली बसला.

शकू, ते दिसायला इतकं गमतीचं होतं की मी खो खो हसलो. मी हसलो आणि मग सगळं खातं हसलं. नानाही हसले. मला त्यांचा तो हसरा चेहरा अजून दिसतो, कारण त्यानंतर मी तो कधी पाहिला नाही. खाली पडलेला माणूसही हसतोय असं मला वाटलं. त्याचे दात दिसत होते. ते हसणं नव्हतं. तो यंत्राच्या लोखंडी पायावर कमरेत आपटला होता आणि त्याला आवाज काढता येत नव्हता.

तो निमाई. पुढे त्याचं काय झालं ते मला नानांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरी येताना लोकलमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मला एकच वाटत राहिलं, की मी हसलो नसतो तर कोणीच हसलं नसतं. नानांचं हसणं मी बंद केलं. डिसेंबरात ते कॉटवर छताकडे बघत पडले होते ना, तेव्हा मला वाटलं, मरण्याआधी एकदा तरी मी त्यांना हसवावं. म्हणून त्या फिती.

आता कळतंय की मी त्यांच्या समोर रोज तोच दिवस लावून आलो. वही घे त्यांच्याकडून. टॅबही काढून टाक.

सारंग


हाजरा, कोलकाता
५ मार्च २०२४

दादा,

मी काहीही काढून घेतलेलं नाही. या घरात तुझे हुकूम पोस्टाने येतात आणि पाळायचे मी.

तुझं पत्र वाचून मी सरळ नानांना विचारलं. शनिवारी सकाळी, चहा देताना.

"निमाई मंडल कोण, नाना?"

त्यांनी फीत थांबवली. पडद्यावर एक हवालदार शिडीवरून अर्धा पडलेला, तसाच लटकून राहिला.

"सारंगने लिहिलं वाटतं."

"तो म्हणतो, तो हसला म्हणून सगळे हसले."

"सारंग?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "छे. मी हसलो. आधी मी हसलो. पोरं बापाकडे बघून हसतात. साहेब हसले म्हणून खातं हसलं. सेफ्टी ऑफिसर समोर उभा, माणूस पडतोय आणि तो हसतोय! त्याला उचलायला कोणी पुढे झालं नाही, कारण साहेब हसत होते ना."

"आणि या फिती? दोनशे चौदा वेळा काय बघता त्यात?"

"उठतात," ते म्हणाले. "केवढ्या उंचीवरून पडले तरी उठतात. टोपी झटकतात, चालू लागतात. मी म्हटलं, एखादा तरी उठत नसेल. अजून सापडला नाही."

नंतर मी सुमितकडे चौकशी केली. सुमितचा चुलता त्याच मिलमध्ये होता. त्याच्याकडून कळलं की निमाई २०११ साली गेला. बायको आहे, शेफाली. स्टेशनजवळ मुलीकडे राहते. हे मी नानांना सांगितलं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले. तीन महिन्यांनी! सुमित धावला तर त्याला म्हणाले, "थांबा." आणि मला, "मला बजबजला ने. माफी मागायची आहे."

तुम्हा दोघांचं मला कौतुक वाटतं. बाप आणि मुलगा, पंचेचाळीस वर्षं, दोन शहरांत, एकाच हसण्यावर बसून राहिलात. एकमेकांना विचारलंत असतं तर निदान कोण आधी हसलं याचा निकाल लागला असता.

रविवारी १७ तारखेला आम्ही जातो आहोत. तूही ये. या वेळी भिंतींचा रंग आड येऊ देऊ नकोस.

शकुन


नागपूर
११ मार्च २०२४

शकू,

१७ ला माझं येणं जमत नाही. आमच्या नचिकेतच्या सासरची मंडळी येणार आहेत, ते ठरलेलं आहे. तू यावर काय लिहिशील ते मला माहीत आहे. लिही.

सोबत वेगळ्या कागदावर शेफालीबाईंसाठी चार ओळी हिंदीत लिहिल्या आहेत. तू किंवा त्यांच्या मुलीने त्यांना वाचून दाखवा. मी मनापासून लिहिलंय.

नानांना स्टेशनच्या जिन्यावर सांभाळ.

सारंग


हाजरा, कोलकाता
१९ मार्च २०२४

दादा,

जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहिते, कारण हे एकदाच लिहायचं आहे.

बसायला जागा मिळावी म्हणून टॅक्सीने उलटे सियालदहला गेलो आणि तिथून लोकल धरली. सुमित बजबजला उतरवून घ्यायला आला होता. नाना काठी घेऊन चालले, वाटेत दोनदा थांबले. मुलीचं घर म्हणजे गल्लीतली एक खोली आणि पुढे ओटा. शेफालीबाई ओट्यावर लाल माठाची भाजी निवडत होत्या. बारीक, ताठ, चष्म्याला दोरा. सुमितने ओळख करून दिली तशी त्यांनी नानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीला खुर्ची आणायला सांगितलं. भाजी निवडणं थांबवलं नाही.

नाना बसले नाहीत. उभ्याउभ्याच बोलले. त्या दिवशी मी हसलो, आधी मी हसलो, त्याची माफी मागायला आलो. मी तुझा कागद मुलीला दिला. तिने दोन ओळी वाचल्या आणि बाई म्हणाल्या, "ठेव तो."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही म्हणता तुम्ही आधी हसलात, आणि तुमचा मुलगा म्हणतो तो?"

"हो."

"आणि हे विचारायला इतक्या लांब आलात?" त्या हसल्या. ते हसणं मला सांगता येत नाही. "पाय वर करून माणूस पडला की लोक हसतात. मी असते तर मीही हसले असते. कोण हसलं हे त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याची कंबर मोडली होती, त्याला तुमच्या तोंडांकडे बघायला सवड नव्हती."

नाना खुर्चीवर बसले.

बाई आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. अपघाताच्या अहवालाची प्रत. घड्यांवर फाटलेली, खाली नानांची सही. मुलीने वाचलं. मिलने दिलेले बूट कामगाराने घातले नव्हते. त्याचं लक्ष कामावर नव्हतं. फरशी कोरडी होती.

"बूट कोणाला दिले होते, साहेब?" शेफालीबाईंनी विचारलं. "अख्ख्या खात्यात एकाच्या तरी पायात होते का?"

स्वतःचाच निष्काळजीपणा ठरला म्हणून निमाईला कामावरून काढलं. चार महिन्यांत मिलच्या चाळीतली खोली गेली. तो पुढची तीस वर्षं बाजारात गोणपाटावर बसून छत्र्या दुरुस्त करायचा, कारण बसून करण्यासारखं तेवढंच काम होतं. हे बाईंनी आवाज न चढवता सांगितलं.

मी नानांकडे बघत होते. मला वाटलं ते म्हणतील की आठवत नाही. ते म्हणाले, "फरशी ओली होती. तीन दिवस ओली होती. पाइप गळत होता. मी वर लेखी कळवलं होतं. अपघातानंतर मॅनेजरने बोलावलं, आणि मी माझाच कागद फायलीतून काढला."

"का?"

"नोकरीसाठी."

बाईंनी मान डोलावली, जशी एखादं उत्तर बरोबर आल्यावर मी वर्गात डोलावते. मग म्हणाल्या, "तुमचं ते हसणं तुम्ही घरी घेऊन जा. मला त्याचं काही करायचं नाही. मिलच्या गेटजवळ युनियनचं ऑफिस आहे, तिथे जुने कामगार रविवारी पत्ते खेळतात. बाकी आहेत तेवढे. त्यांच्यासमोर हे बंगालीत वाचा. फरशी ओली होती, असं."

चहा मिळाला नाही. मागण्याचा प्रश्नच नव्हता.

परतीच्या गाडीत नाना म्हणाले, "शकू, त्या फितींत एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? पडतात, मार खातात, हवालदार मागे लागतात. पण पडला म्हणून दुसऱ्या दिवशी घर गेलं, असं कुठे नाही. अहवाल लिहिणारा माणूसच नाही तिथे. मी प्रत्येक फितीत शोधला."

मी दोन महिने तुला टोमणे मारत होते की त्यात कळण्यासारखं काही नाही. त्या फिती मला अजूनही मूर्खच वाटतात. पण मी आजवर मान हलवत जी गंभीर नाटकं पाहिली, त्यातल्या एकाही नाटकाने या माणसाला खुर्चीतून उठवलं नसतं, हे मला कबूल करावं लागतं. तुझ्या मनापासून लिहिलेल्या चार ओळींनीही नाही.

७ एप्रिलला, रविवारी, वाचन आहे.

शकुन


नागपूर
२६ मार्च २०२४

शकू,

हे होऊ देऊ नकोस. नाना थकले आहेत, भावनेच्या भरात आहेत. त्यांनी जे केलं ते त्या काळात सगळेच करत होते. त्या बाईंना हवा असेल तसा कागद लिहून, सही करून पोस्टाने पाठवा. चारचौघांत उभं राहून कशाला? कोणीतरी मोबाईलवर घेईल, गावभर फिरवेल. ज्या माणसाची एकतीस वर्षं सगळ्यांना भीती वाटायची, त्याचं शेवटी हसं होईल. तुला ते बघवेल?

माझं डोकं चालत नाही. फोन कर.

सारंग


हाजरा, कोलकाता
८ एप्रिल २०२४

दादा,

फोन केला नाही. तुझं पत्र मात्र नानांना वाचून दाखवलं, पूर्ण. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्याने. हसं होईल." आणि पुन्हा मजकूर घोटायला बसले.

बंगाली अक्षरं त्यांना जड जातात म्हणून सगळं देवनागरीत लिहून घेतलं होतं. उच्चार सुमितने दुरुस्त केले, दहा दिवस, व्यायामाच्या वेळात. टॅब कपाटात आहे. मी ठेवलेला नाही, त्यांनीच ठेवला.

काल बजबजला उकाडा मरणाचा. युनियनच्या ऑफिसपुढे पत्र्याचा मांडव, त्याखाली बावीस-तेवीस माणसं. बहुतेक सत्तरीच्या पुढची, काहींची मुलं, दोन-तीन नातसुना. मिलचं गेट गंजलेलं, आत गवत. पत्ते तसेच पालथे ठेवून सगळे बघत होते. शेफालीबाई पहिल्या बाकावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, शेजारी मुलगी. कोणी हार आणला नव्हता, कोणी शिवीही दिली नाही. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, "तोच का हा?" दुसरा म्हणाला, "तोच."

नानांना खुर्ची दिली होती. त्यांनी ती मागे सरकवली आणि काठीवर उभे राहिले. मी बाजूला, हात लागेल एवढ्या अंतरावर.

त्यांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, तारीख सांगितली. मग वाचू लागले. सत्त्याऐंशी वर्षांतली पासष्ट या शहरात काढली, तरी त्यांचं बंगाली अजून नागपूर स्टेशनावरच उभं आहे, तुला माहीत आहे. दुसऱ्याच वाक्यात एक शब्द असा उच्चारला की त्याचा अर्थच बदलला. काय झाला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मागच्या बाकावरून एक जण फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग पाच-सहा जण. एका माणसाने मोबाईल वर धरला होता, तू म्हणाला होतास तसा.

मी एक पाऊल पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात उचलून मला थांबवलं. हसणं ओसरेपर्यंत थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी हसताना पाहिलं, दादा. आणि मी लाजेने जमिनीकडे बघत होते, ते नाही.

मग पुढचं वाक्य वाचलं. फरशी ओली होती. पाइप तीन दिवस गळत होता. मला माहीत होतं. निमाई मंडल यांची काहीही चूक नव्हती. बूट कोणालाच दिलेले नव्हते. आधीचा अहवाल खोटा आहे, तो मी लिहिला.

आता कोणी हसत नव्हतं. पण आवाज बसत चालला होता, मलाच शेवटची वाक्यं नीट ऐकू आली नाहीत. त्यांनी कागद खाली केला. संपलं असं समजून माझा जीव भांड्यात पडला. मी पाण्याची बाटली काढली.

तेवढ्यात शेफालीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मागे ऐकू गेलं नाही. मोठ्याने."

नानांनी चष्मा पुसला, कागद वर धरला, आणि नाव, हुद्दा, तारीख इथपासून पुन्हा सुरुवात केली.

शकुन